मोठ्या कंपनीकडे लहान कारखानदाराचे बिल का अडकते आणि त्यावर काय करता येते

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत मशीनिंगचा लहान कारखाना चालवणाऱ्या एका तरुण उद्योजकाने आपली अडचण विचारली आहे. त्याचे बहुतांश काम एकाच मोठ्या कंपनीचे आहे. पर्चेस ऑर्डरवर साठ दिवसांची मुदत लिहिलेली असली तरी पैसे चार महिन्यांनी येतात, तोपर्यंत जीएसटी आणि कामगारांचे पगार त्याला पदरचे घालून भागवावे लागतात आणि तक्रार केली तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाईल, अशी धास्ती कायम असते. बँकेकडून कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची, मर्यादा वाढवून घ्यावी, कायद्याचा आधार घ्यावा, की हा ग्राहकच सोडून द्यावा, असे त्याने विचारले आहे.

या तिन्ही पर्यायांच्या आधी करण्याचे एक काम आहे आणि बहुतेक कारखानदार ते करत नाहीत, असे माझे मत आहे. आपले बिल कंपनीच्या आत नेमके कोणत्या टेबलावर थांबले आहे, हे त्यांना ठाऊक नसते. मी अनेक वर्षे एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात काम केले आणि त्यानंतर सांगली-मिरज परिसरातील लहान कारखान्यांच्या हिशेबात व कारभारात लक्ष घातले. कंपनीकडे पैसे नाहीत किंवा तिला ते द्यायचे नाहीत म्हणून जेवढी बिले रखडतात, त्याहून अधिक बिले त्यांच्याकडे लक्ष देण्याची जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळे रखडतात, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. मुद्दाम पैसे दाबून ठेवणारेही आहेत आणि त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे. परंतु आपला ग्राहक या दोन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे कळल्याशिवाय कर्ज, वकील किंवा काडीमोड यांपैकी कशाचाच निर्णय करू नये.

आधी या उशिराची किंमत मांडू, कारण ती एकदा कागदावर मांडली की संकोच कमी होतो. समजा, तुमचे महिन्याचे बिल पाच लाख रुपयांचे आहे आणि त्यावर १८ टक्के दराने ९० हजार रुपये जीएसटी लागतो. पैसे चार महिन्यांनी येत असतील तर कोणत्याही दिवशी तुमचे २३ लाख ६० हजार रुपये बाहेर असतात. कॅश क्रेडिटवर ११ टक्के व्याज धरले तर वर्षाला सुमारे २ लाख ६० हजार रुपये केवळ वाट पाहण्यात जातात. साठ लाखांच्या उलाढालीवर हे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक होते. जॉबवर्क आणि मशीनिंगमध्ये आठ टक्के निव्वळ नफा सुटला तरी समाधान मानावे लागते, म्हणजे निम्म्याहून अधिक नफा या व्याजातच संपतो. जीएसटीचे विवरणपत्र दरमहा भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरावा लागतो. ग्राहकाचे पैसे आले की नाही, याच्याशी त्या तारखेचा संबंध नाही. पगाराचेही तसेच आहे. आपल्यासारख्या लहान आस्थापनेला तो सात तारखेच्या आत द्यावा लागतो आणि कायदा नसता तरी तो द्यावाच लागला असता, कारण आपल्या भागातील बहुतेक कामगारांच्या घरी महिनाअखेरची शिल्लक अशी काही नसते.

म्हणूनच मर्यादा वाढवून घेण्याचा पहिला पर्याय मला पसंत नाही. बँका साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी येणी ड्रॉइंग पॉवरच्या, म्हणजे मर्यादेतून प्रत्यक्ष किती रक्कम उचलता येईल त्याच्या, हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे जे पैसे सर्वांत जास्त अडकले आहेत, त्यांच्यावरच बँक काही देत नाही. मर्यादा वाढवून मिळाली तरी तुम्ही मोठ्या कंपनीला स्वतःच्या घराच्या किंवा यंत्राच्या तारणावर बिनव्याजी कर्ज देत राहता. शिवाय हातात पैसा खेळू लागला की पाठपुरावा सैल पडतो आणि चार महिन्यांचे पाच महिने होतात.

आता बिल कंपनीत कसे फिरते ते पाहू. माल गेटवर पोहोचतो तेव्हा चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, शिक्का मारला जातो. तो माल स्टोअरमध्ये जातो, तेथून क्वालिटी विभाग तपासणी करतो आणि माल स्वीकारल्यावर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची कंपनीची अंतर्गत नोंद, पूर्ण होते. बिल वेगळ्या वाटेने अकाउंट्सकडे जाते. तेथे बिल, जीआरएन आणि पर्चेस ऑर्डर या तिन्हींमधील वस्तू, नग आणि दर जुळले तरच बिल संगणकात पास होते. यातील एखादी गोष्ट जुळली नाही तर ते बाजूला ठेवले जाते आणि बाजूला ठेवल्याचे तुम्हाला कळवण्याचे काम कंपनीत बहुधा कोणाकडेच नसते. अकाउंट्सचा लिपिक म्हणतो की हा पर्चेसचा विषय आहे, पर्चेसवाला म्हणतो की जीआरएन झालेले नाही, स्टोअरवाला सांगतो की माल क्वालिटीकडे पडून आहे. यांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. प्रत्येकाचे आपल्यापुरते काम झालेले असते आणि बिल मात्र तेथेच असते.

न जुळण्याची कारणे फार क्षुल्लक असतात, म्हणून ती आवर्जून सांगतो. कच्च्या मालाचा भाव वाढल्यावर पर्चेसच्या अधिकाऱ्याने फोनवर वाढीव दर मान्य केला, तुम्ही नव्या दराने बिल केले, परंतु ऑर्डरमध्ये दुरुस्ती झालीच नाही. ऑर्डर ५०० नगांची होती, तातडी म्हणून तुम्ही ५२० नग पाठवले आणि वरच्या २० नगांमुळे सगळे बिल अडले. ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती आली, पण चलनावर जुन्या आवृत्तीचा क्रमांक राहिला. ५०० पैकी १२ नग नापास झाले, त्यांची डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम वजा करण्याची कंपनीची चिठ्ठी, निघायची आहे आणि ती निघेपर्यंत ४८८ चांगल्या नगांचे पैसेही थांबले. जीएसटीसाठी वस्तूला दिलेला एचएसएन कोड वेगळा पडला. अशा कारणांसाठी महिना-दीड महिना गेलेला मी वारंवार पाहिला आहे आणि मालक मात्र त्या काळात कंपनीला नावे ठेवत बसलेला असतो.

दुसरी गोष्ट तारखांची आहे. बहुतेक कंपन्यांत पैसे सोडण्याचे दिवस ठरलेले असतात, बऱ्याच ठिकाणी महिन्यातून दोनदा. बिल पास होण्याची तारीख एका दिवसाने चुकली तर पंधरा दिवस गेले. महिनाअखेरीला, म्हणजे स्टोअरमध्ये मोजणी आणि हिशेब बंद करण्याची धांदल असते तेव्हा, पाठवलेल्या मालाची नोंद पुढच्या महिन्यात जाते. तुम्ही साठ दिवस बिलाच्या तारखेपासून मोजता, कंपनीचा संगणक जीआरएनच्या किंवा बिल नोंदवल्याच्या तारखेपासून मोजतो, आणि या एका फरकात दोन-तीन आठवडे सहज निघून जातात. म्हणून शक्य असेल तेथे माल महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत जाईल असे उत्पादनाचे नियोजन करावे आणि पैसे सोडण्याचे दिवस कोणते, हे अकाउंट्समधून एकदा विचारून लिहून ठेवावे. हे विचारण्यात कमीपणा नाही आणि ते सांगण्यात कोणाला अडचणही नसते.

यावर उपाय एक वही किंवा एक्सेलचे एक पान एवढाच आहे. प्रत्येक बिलासमोर माल पोहोचल्याची तारीख, जीआरएनचा क्रमांक, बिल पास झाल्याची तारीख आणि देय तारीख हे चार रकाने असावेत. माल पोहोचल्यानंतर आठवड्याभरात जीआरएनचा क्रमांक मिळाला नाही तर स्टोअरला विचारावे. पाठपुरावा देय तारीख उलटल्यावर करायचा नसतो, माल गेटमधून आत गेल्याबरोबर करायचा असतो. सातव्या दिवशी फोन केला तर तुम्ही फक्त चौकशी करत असता, नव्वदाव्या दिवशी केला तर तो तगादा होतो आणि तगाद्याने माणसे टाळू लागतात. हे काम शक्यतो मालकाने स्वतः करू नये. मालक आणि पर्चेसचा अधिकारी यांचे संबंध दर आणि नवे काम ठरवण्यासाठी जपायचे असतात. कार्यालयातील एखाद्या नेमक्या, न कंटाळणाऱ्या व्यक्तीने हे काम घ्यावे. आपल्या भागातील अनेक कारखान्यांत ही जबाबदारी मालकाच्या पत्नीने किंवा वाणिज्य शाखेच्या नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीने घेतली आणि वसुलीचे दिवस स्पष्टपणे कमी झाले, असे मला दिसले आहे. त्यांचे कौशल्य एवढेच होते की त्या दर सोमवारी न चुकता ठरलेल्या माणसाशी बोलत आणि जे ठरले ते त्याच दिवशी ईमेलने कळवत.

ईमेलचा आग्रह मी आणखी एका कारणाने धरतो. दर तीन महिन्यांनी आपल्या येणे रकमेचा उतारा, म्हणजे कोणत्या बिलाचे किती पैसे यायचे आहेत याची यादी, कंपनीला पाठवून तो जुळल्याची लेखी पोच घ्यावी. थकीत रकमेसाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते आणि त्या मुदतीत देणेकऱ्याने सही करून लेखी कबुली दिली तर मुदत तेथून नव्याने सुरू होते. तोंडी आश्वासनाने तसे होत नाही. शिवाय उतारा जुळवताना परस्पर टाकलेल्या डेबिट नोटा उघड होतात, ज्यांचा पत्ता अनेकांना वर्षअखेरीला लागतो.

एवढे करूनही पैसे चार महिन्यांनीच येत असतील, बिल पास झालेले असूनही ते पडून राहत असेल, तर तुमचा ग्राहक दुसऱ्या प्रकारचा आहे. तो आपला व्यवसाय तुमच्या भांडवलावर चालवतो. अशा ग्राहकासाठी कायदा आहे आणि तो कारखानदारांना वाटतो त्यापेक्षा कडक आहे.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ साली आला. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे असतात आणि ही मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसांची मुदत लागते. म्हणजे तुमच्या ऑर्डरवरील साठ दिवसांची अट मुळातच कायद्याला धरून नाही आणि त्या अटीवर तुम्ही सही केली असली तरी कायद्याची मर्यादा बदलत नाही. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो मिळाल्याच्या दिवशीच स्वीकारला असे मानले जाते. त्यामुळे दोन महिन्यांनी काढलेले रिजेक्शन मुदत पुढे ढकलण्यासाठी वापरता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. बँक रेट साडेसहा टक्के धरला तर हा दर साडेएकोणीस टक्के होतो. हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही आणि थकीत रक्कम वार्षिक हिशेबपत्रकात वेगळी दाखवावी लागते. ४५ दिवसांपेक्षा जास्त थकबाकी असलेल्या कंपन्यांना तिचा तपशील वर्षातून दोनदा कंपनी निबंधकांकडे द्यावा लागतो.

यांपैकी कोणत्याही तरतुदीपेक्षा १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीचा परिणाम मला अधिक दिसला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल वरील मुदतीत दिले नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी तो मिळतो. मार्चअखेरीस थकीत राहिलेले बिल कंपनीच्या करपात्र उत्पन्नात मिळवले जाते. त्यामुळे फेब्रुवारीत कंपन्यांचे लेखापरीक्षक पुरवठादारांकडून उद्यम नोंदणीचे, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग असल्याच्या सरकारी नोंदणीचे, प्रमाणपत्र मागू लागले. या प्रश्नाकडे लक्ष द्यायला कंपनीच्या आत प्रथमच कोणीतरी मिळाले, हे त्याचे मोठे महत्त्व आहे. जीएसटीतही अशीच एक तरतूद आहे. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला घेतलेले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरील जीएसटीची मिळालेली वजावट, व्याजासह परत करावे लागते.

या सर्वांचा उपयोग भांडण न करता करता येतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते. ती ऑर्डर घेण्यापूर्वीच केलेली असावी, कारण नंतर केलेल्या नोंदणीवरून आधीच्या व्यवहारांबाबत न्यायालयांत वाद झालेले आहेत. नोंदणी क्रमांक आणि उद्योगाचा वर्ग प्रत्येक बिलावर छापावा, प्रमाणपत्राची प्रत अकाउंट्सला ईमेलने पाठवावी आणि जानेवारीच्या अखेरीस थकीत बिलांची यादी जोडून एक सौम्य पत्र पाठवावे, ज्यात ही बिले मार्चपूर्वी दिली गेल्यास कंपनीच्या करआकारणीतही अडचण येणार नाही, एवढेच लिहिलेले असावे. अशा पत्राने ऑर्डर गेल्याचे मी अपवादानेच पाहिले आहे. काही ठिकाणी पुरवठादाराला नोंदणी रद्द करायला सांगितल्याचे किंवा यापुढे मध्यम उद्योगांकडूनच माल घेऊ असे ऐकवल्याचे प्रकार घडले. त्याला बळी पडू नये. तुमचा दर आणि दर्जा चांगला असेल तर केवळ नोंदणीमुळे कोणी नवा पुरवठादार उभा करत नाही, कारण नव्याचे नमुने मंजूर होईपर्यंत कंपनीचेच महिने जातात. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, परंतु तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता असतो, उशिराच्या पैशांबाबतचे हे संरक्षण त्यांना नाही.

सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करणे ही शेवटची पायरी आहे. तेथे आधी समझोत्याचा प्रयत्न होतो, तो फसल्यास लवाद चालतो. कायद्यात ९० दिवसांत निकाल देण्याची अपेक्षा असली तरी प्रत्यक्षात बराच अधिक काळ लागतो, हे गृहीत धरूनच अर्ज करावा. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला तो रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात जायचे असेल, तर रकमेच्या ७५ टक्के भरणा आधी करावा लागतो. या अटीमुळे मोठ्या रकमेच्या प्रकरणांत समझोता होण्याची शक्यता वाढते. परंतु परिषदेकडे गेल्यावर त्या ग्राहकाशी व्यवसाय बहुधा संपतो, त्यामुळे ज्याच्याशी पुढे व्यवसाय करायचा नाही असे ठरले आहे, त्याच्यासाठीच ही वाट राखून ठेवावी.

कायदा इतका स्पष्ट असताना कारखानदार गप्प का राहतो, याचा विचार आपल्याच जिल्ह्यातील उसाच्या पैशांकडे पाहून करावा, असे मला वाटते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. वाळवा, पलूस किंवा मिरज तालुक्यातील कोणत्याही ऊस उत्पादकाला १४ दिवस आणि एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, हे दोन्ही शब्द माहीत आहेत. ते त्याला आंदोलनांमुळे माहीत झाले. शेतकरी संघटनांनी हंगामामागून हंगाम रस्त्यावर उतरून ती मुदत सर्वांच्या तोंडी बसवली. पैसे थकवणाऱ्या कारखान्यावर महसुली वसुलीची कारवाई करण्याचे आदेश साखर आयुक्त पुण्याहून काढतात. तरीही पैसे थकतात, हे खरे आहे, परंतु थकले की ती बातमी होते. ४५ दिवसांची मुदत उलटलेल्या कुपवाडच्या कारखानदाराची बातमी होत नाही, कारण तो एकटा असतो आणि शेजारच्या शेडमधील माणूस त्याचा स्पर्धक असतो. एकाने आवाज उठवला तर त्याचे काम दुसऱ्याला मिळेल, ही भीती खरी आहे आणि तिला एकट्याने उत्तर देता येत नाही.

येथे उद्योजकांच्या संघटनांनी पुढे यायला हवे. बहुतेक संघटनांचा वेळ वीजदर, रस्ते, पाणी आणि भूखंड या विषयांत जातो. ते विषय महत्त्वाचेच आहेत. परंतु संघटनेने वर्षातून एकदा आपल्या सर्व सभासदांची एकत्रित येणी, कोणत्याही सभासदाचे नाव न घेता, त्या-त्या मोठ्या कंपनीच्या वित्तप्रमुखांपुढे ठेवली तर चित्र बदलू शकेल. पर्चेसच्या अधिकाऱ्याला दर कमी केल्याबद्दल शाबासकी मिळते. पुरवठादार किती दिवस थांबतो, याचा हिशेब त्याच्याकडे कोणी मागत नाही, आणि वित्तप्रमुखापर्यंत एकट्या पुरवठादाराचा आवाज पोहोचत नाही.

सांगली-तासगावच्या बेदाणा बाजारातील एक प्रथा मला या संदर्भात फार मोलाची वाटते. दिवाळीच्या सुमारास काही आठवडे सौदे बंद ठेवून सर्व येणी-देणी मिटवण्याचा तेथे रिवाज आहे, त्याला शून्य पेमेंट म्हणतात. जुनी बाकी मिटल्याशिवाय नवे सौदे सुरू होत नाहीत. बेदाण्याच्या बाजारात अडचणी नाहीत असे मी म्हणत नाही. परंतु कोणत्याही न्यायालयाशिवाय, सर्वांनी एकाच वेळी थांबण्याचे ठरवल्यामुळे देणेकऱ्याला पैसे द्यावे लागतात, ही व्यवस्था आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि अभियांत्रिकी उद्योगाने तिच्यातून बरेच घेण्यासारखे आहे.

उधारी हीच वाईट, असा माझ्या बोलण्याचा अर्थ नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, दुकानांतील माल गेला, तेव्हा अनेक घाऊक व्यापाऱ्यांनी आपल्या किरकोळ ग्राहकांना जुन्या बाकीसाठी मुदत दिली आणि वर नवा मालही दिला. ती मुदत मागितलेली होती, दिलेली होती, आणि दोघांनाही ती किती दिवसांची आहे हे माहीत होते. सांगून घेतलेल्या मुदतीने बाजार सावरतो. न विचारता घेतलेल्या मुदतीने देणाऱ्याचा धंदा आतून पोखरला जातो.

याच न्यायाने तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. तुमच्याकडून ग्राइंडिंगवाल्याचे, हीट ट्रीटमेंटवाल्याचे, टेम्पोवाल्याचे आणि टूल्सच्या दुकानदाराचे किती दिवसांचे देणे आहे? वरून पैसे आले नाहीत म्हणून खाली दिले नाहीत, हे उत्तर समजण्यासारखे आहे. परंतु साखळीत जो सर्वांत शेवटी आहे, त्याच्याकडे कॅश क्रेडिटही नसते. तो पतसंस्थेतून किंवा त्याहून महाग ठिकाणाहून पैसे उचलतो. ४५ दिवसांची मुदत आणि आयकराची ती तरतूद तुम्हालाही लागू आहेत. ज्या कारखानदारांनी आपल्या लहान पुरवठादारांना ठरलेल्या तारखेला, भले थोडे कमी दराने, पैसे देण्याची शिस्त लावली, त्यांना तातडीच्या वेळी रात्री दहा वाजता ग्राइंडिंग करून मिळते. बाकीच्यांना सकाळपर्यंत थांबावे लागते.

हा प्रश्न कारखान्यांच्या कुंपणापुरता नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कामांतही बिल याच पद्धतीने फिरते. काम झाल्यावर अभियंत्याने मोजमाप पुस्तकात नोंद करायची, वरिष्ठांनी ती तपासायची, लेखा विभागाने बिल पास करायचे, आणि त्या लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातील त्या खर्चाच्या सदरात, निधी शिल्लक असेल तर पैसे निघायचे. शासनाच्या अनुदानातील कामाचे बिल अनुदानाचा पुढचा हप्ता येईपर्यंत थांबते. गटार बांधणाऱ्या किंवा पथदिव्यांची देखभाल करणाऱ्या ठेकेदाराला बिल वर्षभराने मिळेल असा अनुभव आला की दोन गोष्टी घडतात. ज्याला बाहेर दुसरे काम मिळते असा चांगला ठेकेदार निविदा भरणे बंद करतो. जो उरतो, तो वर्षभराचे व्याज आधीच दरात मिळवतो किंवा सिमेंटमध्ये काढतो. नागरिकाला दिसतो तो पहिल्या पावसात उखडलेला रस्ता, आणि त्याचे एक कारण लेखा विभागातील पडून राहिलेली फाइल आहे, हे त्याला कधी कळत नाही. कोणत्या कामाचे बिल कोणत्या तारखेला सादर झाले आणि कोणत्या तारखेला दिले गेले, ही यादी महानगरपालिकेने आणि नगरपालिकांनी दरमहा प्रसिद्ध केली, तर तिचा उपयोग मोठमोठ्या चौकशा लावण्यापेक्षा अधिक होईल, असे माझे ठाम मत आहे. नगरसेवकांनी आणि पत्रकारांनी ही मागणी लावून धरावी.

आता ग्राहक सोडण्याच्या तुमच्या तिसऱ्या पर्यायाविषयी. आज सोडू नका, कारण बहुतांश काम एकाकडूनच येत असताना सोडणे म्हणजे शेड बंद करणे आहे. परंतु पुढच्या दीड-दोन वर्षांत त्या एका ग्राहकाचा वाटा निम्म्याच्या खाली आणण्याचे ठरवा. नवे काम घेताना दरासोबत मुदतही बोला. ३० दिवसांत पैसे देणाऱ्याला दोन टक्के कमी दर देणे परवडते, हे वरच्या हिशेबातून तुमच्या लक्षात आले असेल. नवा ग्राहक पैसे कसे देतो, हे त्याच्या दोन-तीन जुन्या पुरवठादारांना विचारल्याशिवाय त्याच्यासाठी फिक्स्चर, म्हणजे त्याच्या कामापुरते यंत्रावर नग धरून ठेवणारे साधन, करू नका आणि यंत्र तर मुळीच घेऊ नका.

सध्याच्या ग्राहकाची वार्षिक उलाढाल २५० कोटी रुपयांच्या वर असेल, तर त्याला ट्रेड्स या बिलवटाव व्यवस्थेवर नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्यात तुमचे बिल तेथे चढवले जाते, कंपनी ते मान्य करते, बँका त्यावर व्याजदराची बोली लावतात आणि एक-दोन दिवसांत वटावाची रक्कम वजा होऊन पैसे तुमच्या खात्यात येतात. मुदत संपल्यावर बँक ते कंपनीकडून वसूल करते आणि कंपनीने चुकवले तर बँक तुमच्याकडे येत नाही. व्याजदर कंपनीची पत पाहून लागतो, त्यामुळे तो तुमच्या कॅश क्रेडिटपेक्षा बहुधा कमी असतो. अडचण एवढीच आहे की नोंदणी बंधनकारक असली तरी प्रत्येक बिल मान्य करणे बंधनकारक नाही, आणि कंपनीने बिल मान्य केल्याशिवाय पुढे काहीच होत नाही. म्हणून या महिन्यात आधी तुमच्या सर्व थकीत बिलांचे जीआरएन क्रमांक मिळवा, न जुळलेली बिले दुरुस्त करून घ्या, आणि उतारा जुळल्याची पोच हातात आल्यावर त्यांच्या वित्त विभागाची वेळ घेऊन ही बिले ट्रेड्सवर घेण्याची विनंती करा. उद्यम प्रमाणपत्राची प्रत सोबत असू द्या. त्यांनी नकार दिला तर तो लेखी मागून घ्या.